धक्क्याचा हिशेब

रिव्हॉल्व्हर घ्यायला आलेली माणसं काउंटरवर आधी वजन बघतात. हातात घेऊन तोलतात आणि म्हणतात, "अरे वा, किती हलकी!" निम्मा सौदा तिथेच झालेला असतो. माझं काम काचेच्या पलीकडे, फायरिंग लाइनवर. त्या हलक्या रिव्हॉल्व्हरमधून पहिली गोळी सुटते तेव्हा शेजारी मी उभी असते आणि त्या क्षणी माणसाचं काय होतं ते मला आता पाठ झालं आहे. खांदे वर जातात, डोळे घट्ट मिटतात, पुढची गोळी झाडण्याआधी एक खोल श्वास घेतला जातो. पाचव्या गोळीनंतर रिव्हॉल्व्हर टेबलावर ठेवली जाते. बरेच जण ती त्या दिवशी पुन्हा उचलत नाहीत. काही जण कधीच उचलत नाहीत. ती घरच्या तिजोरीत जाऊन पडते.

माझी या कामातली सगळी तळमळ त्या पाचव्या गोळीभोवती आहे.

अमेरिकेत फिनिक्सजवळच्या एका रेंजवर मी प्रशिक्षक आहे. कोल्हापुरात कॉलेजात असताना एनसीसीत .२२ रायफल चालवली होती, पोटावर पालथं पडून; तेवढीच पुंजी. लग्नानंतर इकडे आले, मुलं हाताशी आली, मग रेंज सेफ्टी ऑफिसरचा कोर्स केला आणि पुढे प्रशिक्षकाचं प्रमाणपत्र घेतलं. माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांत बायका जास्त, आणि त्यांत आपल्याकडच्याही खूप: मराठी, तेलुगू, गुजराती. बहुतेकींच्या हातात पहिल्या दिवशी जी रिव्हॉल्व्हर असते ती दुसऱ्या कुणी तरी निवडलेली असते. नवऱ्याने, भावाने, नाही तर दुकानदाराने. निवडण्यामागचं कारणही ठरलेलं: हात लहान, म्हणून रिव्हॉल्व्हर लहान.

या एका समजुतीने जितकी माणसं नेमबाजीपासून तोडली आहेत तितकी दुसऱ्या कशानेही तोडली नसतील.

काडतुसाची ताकद आणि हाताला बसणारा धक्का यांना लोक एकच समजतात. दोन्ही एकाच दारूतून निघतात हे खरं, पण पुढे त्यांच्या वाटा वेगळ्या होतात. गोळी आणि तिच्यामागून सुटणारा वायू जेवढा संवेग घेऊन पुढे जातात, तेवढ्याच संवेगाने रिव्हॉल्व्हर मागे येते; शाळेतला न्यूटनचा तिसरा नियम. हा संवेग काडतूस ठरवतं. पण तो हातात किती ऊर्जा आणून टाकणार हे ठरवतं रिव्हॉल्व्हरचं वजन. वजन निम्मं केलं की धक्क्याची ऊर्जा दुप्पट होते.

वर्गात मी हा हिशेब फळ्यावर मांडते. .३८ स्पेशलची १५८ ग्रेनची, म्हणजे सव्वादहा ग्रॅमची, जुन्या पद्धतीची शिशाची गोळी चार इंची नळीतून सेकंदाला साधारण २३० मीटर वेगाने निघते. अकराशे ग्रॅमच्या पोलादी रिव्हॉल्व्हरमधून ती झाडली तर धक्का सुमारे ३ ज्यूलचा. तेच काडतूस सव्वाचारशे ग्रॅमच्या, ॲल्युमिनियमचा सांगाडा आणि दोन इंची नळी असलेल्या रिव्हॉल्व्हरमध्ये घातलं की ६ ज्यूल. आणि हे आखूड नळीत गोळीचा वेग घटलेला असूनही. आता .३५७ मॅग्नम घ्या. गोळी तीच १५८ ग्रेनची, पण वेग ३७५ मीटरच्या घरात. मोठ्या पोलादी रिव्हॉल्व्हरमध्ये धक्का ९ ज्यूलच्या आसपास. हेच काडतूस सव्वातीनशे ग्रॅमच्या स्कँडियम मिश्रधातूच्या छोट्या रिव्हॉल्व्हरमध्ये भरलं की आकडा २० ज्यूलला टेकतो.

आता त्याच्या शेजारी मी .४४ मॅग्नम लिहिते. क्लिंट ईस्टवुडच्या 'डर्टी हॅरी'ने १९७१ साली जगभर पोचवलेली ती मोठी रिव्हॉल्व्हर, सहा-साडेसहा इंची नळीची, पावणेचौदाशे ग्रॅमच्या आसपासची. तिचा धक्काही २० ज्यूलच्या आसपासच भरतो. पण तिची साडेपंधरा ग्रॅमची गोळी नळीतून बाराशे ज्यूल घेऊन निघते आणि त्या चिमुकल्या .३५७ मधली सव्वापाचशे. हाताला मार सारखाच, पुढे निम्म्याहून कमी काम. फळ्यावर हे दोन आकडे शेजारी आले की वर्गात शांतता पसरते, कारण वर्गातल्या दोघी-तिघींच्या पर्समध्ये तीच चिमुकली असते.

चापाचाही विचार करायला हवा. घोडा आधी मागे न ओढता नुसता चाप खेचून झाडायच्या रिव्हॉल्व्हरचा चाप पाच किलोंच्या पुढेमागे जोर मागतो. रिव्हॉल्व्हर सव्वाचारशे ग्रॅमची आणि तिचा चाप तिच्या बारापट जोराचा! बोटाने खेचताना आख्खी रिव्हॉल्व्हर हलते. पोलादी, किलोभराची असेल तर तेवढी हलत नाही. वजन असं दोन्हीकडून मदत करतं: गोळी सुटण्याआधी आणि सुटल्यानंतर.

एकदा चँडलरहून एक काकू आल्या होत्या, साठी ओलांडलेल्या. काकांनी हौसेने घेऊन दिलेली ॲल्युमिनियमची रिव्हॉल्व्हर आणि तिच्यासाठी '+पी', म्हणजे नेहमीपेक्षा जास्त दाबाची .३८ स्पेशल. पाच गोळ्या झाल्या. काकूंनी उजव्या हाताचा अंगठ्याखालचा भाग चोळला आणि म्हणाल्या, "माझी मनगटं पहिल्यापासून नाजूक आहेत गं. हे माझं काम नव्हे."

मी त्यांना माझी चार इंची पोलादी रिव्हॉल्व्हर दिली.

"अगंबाई, ही केवढी जड!"

"जड आहे म्हणूनच देतेय, काकू."

तिच्यात मी .३८ ची वॉडकटर भरली होती. वॉडकटर म्हणजे चपट्या तोंडाची, पुंगळीच्या काठापर्यंत आत बसवलेली १४८ ग्रेनची शिशाची गोळी. वेग सेकंदाला जेमतेम २१० मीटर. कागदावर ती पंचिंग मशीनने पाडावं तसं गोल भोक पाडते. सिलिंडरच्या सहा घरांपैकी चार घरांत मी जिवंत काडतुसं घातली, दोन घरांत झाडलेल्या रिकाम्या पुंगळ्या, आणि सिलिंडर फिरवून बंद केला. कोणत्या घरात काय आहे हे काकूंना ठाऊक नव्हतं. पहिला बार झाला. दुसऱ्या वेळी घोडा रिकाम्या पुंगळीवर पडला, नुसतं 'टक' झालं, आणि नळीचं टोक चांगलं बोटभर खाली गेलं. धक्का आलाच नव्हता, तरी हाताने त्याला थोपवायला जोर लावला होता. काकूंनी ते स्वतः पाहिलं. हे बघितल्याशिवाय कोणालाही पटत नाही, कारण बार झाला की धक्क्याच्या गडबडीत ही चूक झाकली जाते आणि गोळी खाली का लागली याचं खापर रिव्हॉल्व्हरवर फुटतं.

मग आम्ही तेवढंच करत राहिलो. जिवंत, रिकामी, जिवंत, जिवंत, रिकामी. हळूहळू रिकाम्या पुंगळीवरही नळीच्या टोकावरची माशी जागच्या जागी राहू लागली. सात यार्डांवरच्या कागदावर भोकं एकमेकांना चिकटत गेली. मनगटं तीच होती.

.३५७ मॅग्नमला माझा विरोध नाही, उलट ते मला फार आवडतं. स्मिथ अँड वेसनने ते १९३५ साली आणलं, .३८ स्पेशलची पुंगळी थोडी लांबवून. वाढ फक्त साडेतीन मिलिमीटरच्या आत, आणि तीही मुख्यतः एवढ्यासाठी की हे जोरकस काडतूस चुकून .३८ च्या जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये बसू नये. .३८ स्पेशलचा कमाल दाब चौरस इंचाला १७,००० पौंड, .३५७ चा ३५,०००. उलट बाजूने मात्र मोकळीक आहे: .३५७ च्या रिव्हॉल्व्हरमध्ये .३८ स्पेशल खुशाल झाडावं. म्हणून कोणी मला एकच रिव्हॉल्व्हर सुचव म्हटलं तर मी चार इंची, पोलादी .३५७ सांगते आणि पहिलं वर्षभर तिच्यात .३८ च भरायला लावते. फक्त साफ करताना लक्ष ठेवायचं. आखूड पुंगळ्यांपुढे सिलिंडरच्या घरात काजळीचं कडं धरतं, आणि ते खरवडलं नाही तर नंतर .३५७ ची लांब पुंगळी आत जाताना अडते.

आकडा सारखा असला तरी धक्का सारखा लागतो असं नाही. रेंजवर मी हे लोकांना शेजारीशेजारी झाडायला लावून दाखवते, कारण शब्दांत ते नीट सांगता येत नाही. .४४ स्पेशल हे १९०७ चं काडतूस, सोळा ग्रॅमची गोळी आणि वेग २३० मीटर. त्याचा धक्का कोणी खांद्याला हात लावून बाजूला सारावं तसा येतो. .३५७ चा धक्का एकदम आणि टोकदार. १८७३ सालच्या .४५ कोल्टची सव्वासोळा ग्रॅमची गोळीही अशीच सावकाश, आणि त्या काळच्या नांगराच्या मुठीसारख्या वळणाच्या रिव्हॉल्व्हरमध्ये धक्का सरळ मागे येतच नाही. मूठ तळव्यात वर फिरते, नळी आकाशाकडे जाते आणि अंगठा पुढच्या बारासाठी आपोआप घोड्याजवळ येतो. .४४ मॅग्नमला मात्र अशी कसलीही सवलत नाही. मूठ सैल धरली तर चापाचं कडं मधल्या बोटाच्या पेराला फोडून काढतं.

शिवाय आवाज. .३५७ चा बार १६० डेसिबलच्या वर जातो आणि आखूड नळीत दारू पुरती जळायच्या आत गोळी बाहेर पडल्याने तोंडाशी मोठा जाळ होतो. सिलिंडर आणि नळी यांच्यामधल्या फटीतूनही वायू बाजूला सुटतो. या सगळ्याला मेंदू धक्काच समजतो. मी नवख्यांच्या कानात आधी फोमची बोळी घालते आणि वरून मफ चढवते. तेवढ्याने निम्म्या लोकांना तेच काडतूस 'हलकं' वाटू लागतं. बंदिस्त रेंजवर शेजारच्या लेनमध्ये कोणी आखूड .३५७ घेऊन आलं असेल तर मी माझ्या विद्यार्थिनीचा तास थोडा थांबवते. तिच्या हातातली .२२ असली तरी दचकते ती शेजारच्याच्या बाराला, आणि ते दचकणं तिच्या बोटात मुरायला वेळ लागत नाही.

धक्क्याच्या आणखी दोन करामती आहेत. पहिली: एकाच रिव्हॉल्व्हरमधून हलकी वेगवान आणि जड सावकाश अशा दोन गोळ्या झाडल्या तर जवळच्या अंतरावर जड गोळी वर लागते. लोकांना हे उलटं वाटतं. पण जड गोळी नळीत जास्त वेळ असते, आणि तेवढ्या वेळात धक्क्याने नळी वर उचलली जायला लागलेली असते. ज्या रिव्हॉल्व्हरची साइट हलवता येत नाही, तिच्यासाठी योग्य वजनाची गोळी शोधणं हेच नेम बसवणं. दुसरी: फार हलक्या रिव्हॉल्व्हरमध्ये जोरकस काडतुसं भरली की झाडलेल्या काडतुसाच्या धक्क्याने उरलेल्या पुंगळ्या मागे खेचल्या जातात, आणि त्यांच्यातल्या गोळ्या जडत्वाने जागीच राहू पाहतात. म्हणजे त्या पुंगळीतून पुढे सरकतात. पुरेशा सरकल्या की सिलिंडरच्या बाहेर डोकावतात आणि सिलिंडर फिरायचा थांबतो. जिवावरच्या प्रसंगासाठी घेतलेली रिव्हॉल्व्हर स्वतःच्याच धक्क्याने अडून बसते. म्हणून नवं काडतूस आणलं की मी चार गोळ्या झाडून पाचवं काडतूस बाहेर काढायला लावते आणि त्याची लांबी कॅलिपरने न झाडलेल्या काडतुसाशी ताडून बघते. कोणत्याही हलक्या रिव्हॉल्व्हरच्या मालकाने ही चाचणी केल्याशिवाय राहू नये.

"पण मग लागली तर कामाची ठरेल का?" हा प्रश्न येतोच, आणि तो टाळू नये. अमेरिकेत गोळीचं काम जोखायची रूढ पद्धत म्हणजे जिलेटिनचा ठोकळा, आणि एफबीआयचा मापदंड बारा ते अठरा इंच खोली. १९८६ साली मायामीत झालेल्या चकमकीनंतर त्यांनी या चाचण्या पद्धतशीर केल्या. त्या चकमकीचा शेवट, हे फार जणांना माहीत नसतं, एदमुंदो मिरेलेस या जखमी एजंटने .३५७ च्या रिव्हॉल्व्हरमधून झाडलेल्या .३८ स्पेशल +पी गोळ्यांनी झाला. खरं जिलेटिन ४ अंश सेल्सिअसला ठेवावं लागतं. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर, त्यामुळे आम्ही कृत्रिम, काचेसारखे पारदर्शक ठोकळे वापरतो. त्यांचे आकडे खऱ्या जिलेटिनशी तंतोतंत जुळत नाहीत, पण दोन काडतुसांची आपसांत तुलना करायला ते पुरतात.

ठोकळ्यापुढे डेनिमचे चार थर लावले की बरंच काही उघडं पडतं. आखूड नळीतून सुटलेल्या .३८ च्या पोकळ टोकाच्या कित्येक गोळ्यांच्या तोंडात कापड भरतं आणि त्या उमलतच नाहीत. साध्या गोळीसारख्या आरपार जातात. नळी दोन इंचांची असेल तर वेग तेवढा उरलेलाच नसतो. मग जास्त धक्का सोसून मिळवलं काय? साधी वॉडकटर उमलायचं आश्वासनच देत नाही. ती सरळ जाते, खोल जाते, आणि तिच्या धारदार कडेमुळे वाट स्वच्छ कापत जाते. आखूड .३८ मध्ये तीच ठेवा, असं मी बिनदिक्कत सांगते. बॉक्सवर छापलेले वेगाचे आकडे मात्र कोणी प्रमाण मानू नयेत. क्रोनोग्राफ लावून बघितलं की चार इंची नळीचा .३५७ चा आकडा दोन इंचीत सेकंदाला पन्नास मीटरने तरी खाली येतो.

सराव एकाचा आणि जवळ बाळगायचं दुसरंच, हे मी चालू देत नाही. १९७० च्या एप्रिलमध्ये न्यूहॉल इथे कॅलिफोर्निया हायवे पेट्रोलचे चार तरुण अधिकारी काही मिनिटांत मारले गेले. त्यांच्यातल्या काहींच्या हातात .३५७ मॅग्नम होतं आणि सराव होता .३८ स्पेशलचा. त्या रात्रीच्या पराभवाला कारणं अनेक होती, पण अंधारात, जिवावर बेतलेलं असताना, सवयीच्या दुप्पट-तिप्पट धक्का आणि जाळ पहिल्यांदाच अनुभवायला लागावा यापेक्षा वाईट काय असेल? म्हणून माझा आग्रह उलट्या दिशेने आहे. जे काडतूस तुम्ही दर महिन्याला पन्नासभर झाडू शकता, तेच रिव्हॉल्व्हरमध्ये ठेवा.

हा विचार करत करत गेली काही वर्षं मी .३२ कडे वळले आहे. १९८४ सालचं .३२ एच अँड आर मॅग्नम, साडेपाच ग्रॅमची गोळी. पाचशे ग्रॅमच्या आतल्या छोट्या रिव्हॉल्व्हरमध्येही त्याचा धक्का ३ ज्यूलच्या आसपास, .३८ स्पेशलच्या निम्मा. आणि आखूड नळीतून गोळीची ऊर्जा जवळपास साध्या .३८ इतकीच. बारीक असल्याने .३८ ची पाच घरं असतात त्या आकाराच्या सिलिंडरमध्ये याची सहा बसतात. अडचण एकच, पण मोठी: काडतुसं सहज मिळत नाहीत आणि मिळाली तर .३८ हून महाग पडतात. ज्यांची दर महिन्याला सरावाची इच्छा आहे त्यांना हे परवडेल का, हे विचारूनच मी सुचवते. काहींना मी पुंगळ्या पुन्हा भरायला शिकवलं आहे.

मध्यंतरी इचलकरंजीहून भाचीचा फोन आला. तिच्या नवऱ्याला शस्त्र परवाना मिळाला आहे, आणि 'निर्भीक' घ्यावी की कानपूरचीच जुन्या घडणीची .३२, असा दोघांचा वाद चालला होता. निर्भीक २०१४ साली कानपूरच्या फील्ड गन फॅक्टरीने आणली, सव्वापाचशे ग्रॅमच्या आतबाहेर. जुनी पोलादी सातशेच्या जवळपास. काडतूस दोन्हींत तेच, .३२ स्मिथ अँड वेसन लाँग, १८९६ सालचं. लोक त्याला कमजोर म्हणून नाक मुरडतात. सव्वासहा ग्रॅमची गोळी, दीडशे ज्यूल, हे खरं आहे. पण नेमाच्या बाबतीत हे काडतूस असं आहे की २५ मीटर सेंटर फायर प्रकारात जगभरचे बहुतेक नेमबाज त्याचीच वॉडकटर वापरतात. २००६ च्या दोहा एशियाडमध्ये जसपाल राणा यांनी याच प्रकारात ५९० गुणांनी विश्वविक्रमाची बरोबरी करत सुवर्ण मिळवलं. आणि धक्का म्हणाल तर निर्भीकमध्येही दोन ज्यूलच्या आत.

"मग मावशी, हलकीच घेऊ ना?" भाची म्हणाली.

धक्का इतका कमी असताना हलकी चालेल, मी म्हटलं, पण चाप दोन्हींचा खेचून बघ, कारण तिथे वजन लागतंच. आणि ज्याच्या नावावर परवाना आहे त्यानेच रेंजवर जायचं, परवान्यावर वर्षाला मिळणारी काडतुसं तिजोरीत साठवून ठेवायची नाहीत, सरावाला वापरायची. तिने विचारलं, पहिल्या दिवशी काय करायचं? मी सांगितलं: तीन जिवंत, तीन रिकाम्या पुंगळ्या, आणि शेजारच्याला नळीच्या टोकाकडे बघायला सांग.